अमेरिकी शिकाऱ्यांच्या बोलीतले ‘मोठे’ हरीण: टोके, इंच आणि वय

अमेरिकेतील मिशिगन राज्यात दरवर्षी १५ नोव्हेंबरला बंदुकीने हरणाची शिकार करण्याचा हंगाम सुरू होतो, तर शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये तो थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी उघडतो. डेट्रॉइट किंवा मिल्वॉकीच्या परिसरात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला या दिवसांत कार्यालयातील अनेक सहकारी रजेवर गेलेले दिसतात, आणि ते परतले की त्यांच्या बोलण्यात अशा धर्तीचे एखादे वाक्य हमखास ऐकू येते: ‘कॅमेऱ्यात एक टोड आला होता, मेनफ्रेम टेन, ग्रॉस दीडशेच्या वर जाईल, पण साडेतीनचाच वाटला, म्हणून सोडून दिला.’ ऐकणाऱ्याला एवढेच कळते की कुठले तरी मोठे हरीण दिसले होते. वास्तविक त्या वाक्यात हरणाचे अंग, शिंगांची ठेवण, शिंगांचे माप आणि वय अशा चार स्वतंत्र गोष्टी सांगितलेल्या असतात.

ही बोली अवघड वाटण्याचे कारण शब्दांचे वैचित्र्य हे नाही. शिकारी ज्याला ‘मोठे’ म्हणतात ते कधी अंगाने मोठे असते, कधी शिंगांनी, तर कधी वयाने, आणि या तीन गोष्टी एकाच नरात एकत्र येतीलच असे नाही. धिप्पाड नराची शिंगे सुमार असू शकतात आणि भरघोस शिंगांचा नर अजून तरणा असू शकतो. त्यामुळे एखादा शब्द या तिन्हींपैकी कोणत्या मापाचा आहे हे ओळखता आले, की बाकीचे बोलणे आपोआप उलगडते.

ज्या हरणाभोवती हे सारे फिरते ते म्हणजे पांढऱ्या शेपटीचे हरीण, अर्थात ‘व्हाइटटेल’. बाजारासाठी केलेल्या बेसुमार शिकारीमुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्याची संख्या सुमारे ५ लाखांवर किंवा त्याहूनही खाली आली होती. आज ती ३ कोटींच्या आसपास मानली जाते. अवैध शिकारीच्या मालाची राज्याराज्यांतील वाहतूक रोखणारा १९०० सालचा लेसी कायदा आणि बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीव संवर्धनाकडे वळवणारा १९३७ सालचा पिटमन-रॉबर्टसन कायदा यांचा या पुनरुज्जीवनात मोठा वाटा आहे. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हरणाची शिकार हा गुन्हा आहे. तिकडे ती परवाना, ठरलेला हंगाम आणि ठरलेली संख्या यांच्या चौकटीत चालते, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे शिकाऱ्यांच्या बोलीतील काही मापे थेट सरकारी नियमांतही उतरली आहेत.

शिंगांविषयी एक गोष्ट आधी स्पष्ट केली पाहिजे. काळवीट किंवा नीलगाय यांची शिंगे आतल्या हाडावर चढलेल्या टणक आवरणाची, पोकळ आणि आयुष्यभर टिकणारी असतात. चितळ, सांबर आणि व्हाइटटेल यांच्या नरांची शिंगे मात्र भरीव हाडाची असतात, दरवर्षी गळून पडतात आणि पुन्हा उगवतात. व्हाइटटेलची शिंगे हिवाळ्याच्या उत्तरार्धात गळतात, वसंतात नवी फुटतात, उन्हाळाभर रक्तवाहिन्यांनी भरलेल्या मखमली त्वचेखाली वाढत राहतात, आणि दिवस लहान होऊ लागले की नर-संप्रेरकाच्या वाढीबरोबर कठीण होतात. सप्टेंबरच्या सुमारास नर झाडाझुडपांवर घासून ती मखमल उतरवतो. काही महिन्यांत पूर्ण होणारी ही वाढ वय, आहार आणि आनुवंशिकता या तिघांवर अवलंबून असते. दीड वर्षाच्या नराची शिंगे त्याच्या अंतिम क्षमतेच्या लहानशा भागाएवढीच असतात, आणि साधारण पाच ते सात वर्षांच्या वयात ती सर्वांत भरघोस येतात. शिंगांच्या या संपूर्ण जोडीला शिकारी ‘रॅक’ म्हणतात.

रॅकचे सर्वांत जुने आणि सोपे माप म्हणजे टोके मोजणे. शिंगाच्या मुख्य दांड्यावर जे फाटे फुटतात त्यांची टोके आणि खुद्द दांड्याचे टोक मिळून जो आकडा येतो, त्यावरून नराला ‘सिक्स पॉइंटर’, ‘एट पॉइंटर’, ‘टेन पॉइंटर’ म्हटले जाते. त्याखालच्या पायऱ्यांनाही नावे आहेत: डोक्यावर नुसती बटणे उठलेला पाडस-नर तो ‘बटन बक’, फाटे न फुटलेल्या सरळ शिंगांचा तो ‘स्पाइक’, प्रत्येक शिंगाला दोनच टोके असलेला तो ‘फोर्की’. टोके पुरेशी पण घेर आणि पसारा लहान असेल, तर त्या रॅकला काहीशा हेटाळणीने ‘बास्केट रॅक’ म्हणतात. फाटा कशाला म्हणायचे हेही ठरलेले आहे. अधिकृत मोजणीत तो किमान १ इंच लांब आणि रुंदीपेक्षा लांबीने अधिक असावा लागतो, मात्र गावाकडच्या जुन्या शिकाऱ्यांत ‘अंगठी अडकली तर ते टोक’ अशी उदार पद्धतही चालते.

याच मोजणीत नवख्याची फसगत होते, कारण देशाच्या पूर्व आणि पश्चिम भागांत ती वेगवेगळ्या रीतीने केली जाते. पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे दोन्ही शिंगांवरील टोकांची बेरीज सांगतात. रॉकी पर्वतांच्या प्रदेशात म्यूल डिअर या दुसऱ्या जातीच्या हरणाचे आणि एल्क या थोराड हरणाचे वर्णन करताना परंपरेने एकाच बाजूची टोके सांगतात. कोलोराडोचा शिकारी ज्याला ‘फोर पॉइंट’ म्हणतो, त्याच ठेवणीच्या नराला पेनसिल्व्हेनियाचा शिकारी ‘एट पॉइंटर’ म्हणेल. हा घोळ टाळण्यासाठी ‘फोर बाय फोर’, ‘सिक्स बाय सिक्स’ अशी दोन्ही बाजू सांगणारी भाषा पुढे रूढ झाली.

टोकांवरून मानाची पदवी देण्याची रीत युरोपातही होती. स्कॉटलंडमध्ये लाल हरणाच्या १२ टोकांच्या नराला ‘रॉयल’, १४ टोकांच्या नराला ‘इम्पीरियल’ आणि १६ टोकांच्या नराला ‘मोनार्क’ म्हणतात. एडविन लँडसीर यांनी १८५१मध्ये पूर्ण केलेले ‘द मोनार्क ऑफ द ग्लेन’ हे चित्र जगप्रसिद्ध आहे, पण त्यातील नराच्या शिंगांना १२ टोके आहेत, म्हणजे शिकाऱ्यांच्या हिशेबाने तो ‘रॉयल’ ठरतो. भारतात बारशिंग्याचे नावच टोकांच्या संख्येवरून आलेले आहे. सांबर आणि चितळ यांच्या बाबतीत मात्र ही मोजणी निरुपयोगी ठरते, कारण त्यांच्या प्रौढ नराच्या प्रत्येक शिंगाला सर्वसाधारणपणे तीनच टोके असतात. नर केवढाही थोराड झाला तरी संख्या बदलत नाही, बदलते ती शिंगाची लांबी आणि जाडी. व्हाइटटेलमध्येही ही अडचण आहेच. चांगले पोषण मिळालेल्या तरण्या नराला आठ टोके येऊ शकतात आणि एखाद्या जुनाट, जाडजूड शिंगांच्या नरालाही आठच असतात, म्हणून नुसत्या ‘एट पॉइंटर’ या शब्दाने फारसे काही कळत नाही.

या उणिवेतून इंचांचे माप पुढे आले. थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने १८८७मध्ये स्थापन झालेल्या ‘बून अँड क्रॉकेट क्लब’ने १९५०मध्ये शिंगे मोजण्याची एकसमान पद्धत स्वीकारली, आणि आज व्हाइटटेलविषयीचे सारे बोलणे तिच्याच आकड्यांत होते. ‘१७० इंचांचा नर’ ऐकून नवख्या माणसाला सव्वाचार मीटर लांबीचे शिंग डोळ्यांपुढे येते, पण ती एका शिंगाची लांबी नसून अनेक मापांची बेरीज असते. दोन्ही मुख्य दांड्यांची लांबी, त्यांच्यामधील आतले अंतर, प्रत्येक फाट्याची लांबी आणि प्रत्येक शिंगाचे चार ठिकाणचे घेर, हे सर्व इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजून एकत्र केले जाते. ओल्या हाडाचे माप सुकल्यावर कमी होत असल्यामुळे अधिकृत मोजणी शिंगे ६० दिवस सुकल्यानंतरच करतात.

एक काल्पनिक टेन पॉइंटर घेऊन हिशेब करून पाहू. त्याचे मुख्य दांडे २४ आणि २३ इंचांचे आहेत आणि आतले अंतर १८ इंच आहे; ही झाली ६५ इंच. डाव्या शिंगाचे चार फाटे ५, १०, ९ आणि ५ इंचांचे, तर उजव्याचे साडेचार, ९, ९ आणि ४ इंचांचे आहेत. त्यांची बेरीज साडेपंचावन्न. दोन्ही शिंगांच्या चार-चार घेरांची बेरीज प्रत्येकी १६, म्हणजे एकूण ३२. सारे मिळून १५२.५ इंच होतात आणि या आकड्याला ‘ग्रॉस’ म्हणतात. आता डाव्या-उजव्या बाजूंतील फरक वजा करायचे: दांड्यांचा १, फाट्यांचे अनुक्रमे अर्धा, १, शून्य आणि १, असे एकूण साडेतीन इंच. उरलेले १४९ म्हणजे ‘नेट’. एकाच नराला त्याचा शिकारी ‘दीडशेच्या वरचा’ म्हणेल आणि मोजणारा अधिकारी दीडशेच्या आतला ठरवेल, आणि दोघेही खरेच बोलत असतील. वाढलेले हाड वजा करायचेच कशाला, असे मानणाऱ्यांची ‘नेट म्हणजे जाळे, ते माशांसाठी’ ही श्लेषयुक्त म्हण शिकाऱ्यांत प्रसिद्ध आहे. मला त्यांचे म्हणणे पटते. नराने जे वाढवले ते त्याच्या खात्यात जमा झाले पाहिजे. तथापि त्या काळच्या जाणकारांना दोन्ही बाजूंची समानता हे निकोप वाढीचे लक्षण वाटत होते आणि मापनपद्धतीत तेच मूल्य मुरलेले आहे.

‘बूनर’ हा शब्द आता सहज कळेल. बून अँड क्रॉकेटच्या कायमस्वरूपी नोंदवहीत जाण्याइतक्या शिंगांचा नर म्हणजे बूनर. नेहमीच्या ठेवणीच्या व्हाइटटेलसाठी ही मर्यादा १७० इंच आणि वेड्यावाकड्या ठेवणीच्या शिंगांसाठी १९५ इंच आहे. धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्यांच्या ‘पोप अँड यंग क्लब’च्या मर्यादा त्याहून खाली, अनुक्रमे १२५ आणि १५५ इंच आहेत, कारण बाणासाठी जनावराच्या फार जवळ जावे लागते. बाकीचे बहुतेक शब्द अदमासाचे असतात, पण बूनर हा असा बोलीशब्द आहे की ज्याला आकड्याची पक्की किनार आहे. हंगामभर रानात बसणाऱ्या बहुसंख्य शिकाऱ्यांना आयुष्यात एकही बूनर प्रत्यक्ष दिसत नाही. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात बिगर गावाजवळ मायलो हॅन्सन या शेतकऱ्याने नोव्हेंबर १९९३मध्ये मारलेल्या नराची शिंगे २१३ ५/८ इंच भरली आणि नेहमीच्या ठेवणीतील जागतिक विक्रम त्यांच्या नावावर गेला. तोवरचा विक्रम २०६ १/८ इंचांचा होता. तो नर जेम्स जॉर्डन यांनी १९१४मध्ये विस्कॉन्सिनमधील डॅनबरीजवळ मारला होता. पेंढा भरण्यासाठी दिलेले डोके कारागिराबरोबर परगावी गेले, कित्येक दशके बेपत्ता राहिले, आणि जॉर्डन यांच्या नावावर ते अधिकृतपणे लागले १९७८मध्ये.

वेड्यावाकड्या ठेवणीचे स्वतःचे शब्दभांडार आहे. मूळ चौकटीबाहेर फुटलेल्या लहान टोकांना ‘स्टिकर’ किंवा ‘किकर’ म्हणतात, अशा टोकांची गर्दी असेल तर ‘ट्रॅश’, म्हणजे शब्दशः कचरा, म्हणतात, आणि हा शब्द कौतुकाचा असतो. मुख्य दांड्यातून खाली लोंबणारा फाटा म्हणजे ‘ड्रॉप टाइन’, ज्याचे शिकाऱ्यांना विशेष वेड आहे. सुरुवातीच्या वाक्यातील ‘मेनफ्रेम टेन’चा अर्थ असा की अशी जादा टोके वगळली तर मूळ चौकट दहा टोकांची आहे. या प्रकारातील जगातील सर्वांत मोठी दोन डोकी कोणाही शिकाऱ्याने मारलेली नाहीत, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. ३३३ ७/८ इंचांचा ‘मिझुरी मोनार्क’ १९८१मध्ये सेंट लुइस परगण्यात मृतावस्थेत सापडला, आणि ३२८ २/८ इंचांचा ‘होल इन द हॉर्न’ १९४०मध्ये ओहायोतील केंट गावाजवळ रेल्वेमार्गाच्या कडेला मृतावस्थेत मिळाला. कुंपणाच्या तारेने त्याच्या शिंगाला पडलेल्या भोकावरून त्याला हे नाव मिळाले.

इंचांची ही भाषा कितीही नेमकी असली, तरी रानात जनावर समोर उभे राहते तेव्हा तोंडून निघतात ते अंगाचे शब्द. ‘टोड’ म्हणजे भला मोठा बेडूक, ‘स्लॉब’ म्हणजे एरवी गबाळा माणूस, ‘हॉस’ म्हणजे घोडा या शब्दाचे दक्षिणी रूप, त्याशिवाय ‘टँक’, ‘ब्रूझर’, ‘पिग’ आणि दलदलीतले गाढव या अर्थाचा ‘स्वॅम्प डाँकी’. एरवी शिवी किंवा कुचेष्टा ठरावेत असे हे शब्द येथे निखळ प्रशंसेचे आहेत. त्यांतून नजरेसमोर येतो तो वयात आलेला नर: माजाच्या दिवसांत फुगून खांद्यात मिसळलेली मान, खाली झुकलेले पोट, त्यामुळे आखूड भासणारे पाय आणि मधोमध उंचावलेले नाक. आजकाल असे शब्द शिंगांनाही सर्रास लावले जातात, म्हणून ‘टोड’ ऐकल्यावर तो अंगाने की रॅकने, असे विचारून घेणेच बरे.

उत्तरेकडे मात्र अंगाचे वजन हेच खरे माप मानणारी परंपरा अजून जिवंत आहे. मेन राज्यात आतडी काढल्यानंतर २०० पौंड, म्हणजे सुमारे ९१ किलो, भरणाऱ्या नराचा वेगळा मान असून अशा नरांच्या शिकाऱ्यांसाठी खास क्लब आहे. तेथे ‘टू हंड्रेड पाउंडर’ म्हटले की शिंगांची चौकशी नंतर होते. यामागे भूगोलही आहे. एकाच जातीचे प्राणी थंड प्रदेशात अंगाने मोठे आणि उष्ण प्रदेशात लहान होत जातात, कारण मोठ्या देहात उष्णता टिकून राहते. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटांवरील ‘की डिअर’ हा व्हाइटटेलचाच प्रकार, पण त्याचा पूर्ण वाढलेला नर जिवंतपणी ३० किलोंच्या आसपास भरतो. म्हणजेच मेनमधील ‘मोठा’ आणि दक्षिणेतील ‘मोठा’ यांची तुलना वजनावर करताच येत नाही.

दक्षिण टेक्सासच्या काटेरी झुडपांच्या मुलखात स्पॅनिश बोलणाऱ्यांच्या सहवासातून ‘मुय ग्रांदे’, म्हणजे ‘फार मोठा’, हा शब्द इंग्रजी बोलणाऱ्या शिकाऱ्यांतही रुळला. तेथलाच ‘मॉसी हॉर्न’ हा शब्द गुराख्यांकडून आला. लांब शिंगांच्या टेक्सासी बैलांत म्हातारा झालेल्या, शिंगांवर खवले चढलेल्या जनावराला ते शेवाळलेल्या शिंगांचा म्हणत. हा शब्द वयाचा आहे, आणि गेल्या काही दशकांत या बोलीचे वजन वयाकडेच झुकत गेले आहे.

एके काळी अनेक राज्यांत मारल्या जाणाऱ्या नरांपैकी निम्म्याहून अधिक दीड वर्षाचे असत, त्यामुळे प्रौढ नर रानात उरतच नसत. तरणे नर राखावेत, गरजेप्रमाणे माद्या माराव्यात आणि कळपात सर्व वयांचे नर असावेत, हा विचार १९७०च्या दशकात टेक्सासमधील जीवशास्त्रज्ञांनी मांडला आणि तो हळूहळू देशभर पसरला. त्याबरोबर ‘शूटर’ हा शब्द आला: ज्यावर गोळी झाडणे रास्त आहे इतक्या वयाचा नर. प्रत्येक जमिनीवर शूटरची व्याख्या निराळी असते, कुठे साडेतीन वर्षे, कुठे साडेपाच. या ‘साडे’चे कारण साधे आहे. पाडसे मे-जूनमध्ये जन्मतात आणि हंगाम नोव्हेंबरात येतो, त्यामुळे हंगामात प्रत्येक हरणाचे वय अर्ध्यावरच असते.

मारलेल्या हरणाचे वय खालच्या जबड्यावरून ठरवतात. न्यूयॉर्कमधील जीवशास्त्रज्ञ सेव्हरिंगहाउस यांनी १९४९मध्ये मांडलेली पद्धत आजही तपासणी नाक्यांवर वापरली जाते. पाडसाची तिसरी उपदाढ तीन उंचवट्यांची असते, सुमारे दीड वर्षाच्या वयात ती पडून तिच्या जागी दोन उंचवट्यांची कायमची दाढ येते, आणि त्यानंतरचे वय दाढांच्या झिजेवरून अजमावले जाते. जिवंत नराच्या बाबतीत मात्र अंगकाठी आणि कान यांवरच भिस्त असते. सावध उभ्या असलेल्या टेक्सासी नराच्या दोन कानांच्या टोकांमधील अंतर साधारण १३ इंच असते, त्यामुळे शिंगे ‘कानांबाहेर’ गेलेली दिसली तर आतले अंतर त्याहून जास्त समजायचे. टेक्सासमधील अनेक परगण्यांत १३ इंच हीच किमान मर्यादा नियमात आहे, आणि पेनसिल्व्हेनियाने २००२पासून विभागानुसार एका बाजूला किमान ३ किंवा ४ टोकांची अट घातली. दोन्ही नियमांचा हेतू दीड वर्षाचे नर वाचवणे हा आहे.

दुरून केलेला अदमास किती फसवा असतो यासाठीही शब्द आहे: ‘ग्राउंड श्रिंकेज’, म्हणजे लांबून दीडशेचा वाटलेला नर जवळ जाऊन पाहिल्यावर एकशेवीसचा निघणे. थरथरत्या उत्तेजनेत, जिला ‘बक फीव्हर’ म्हणतात, नजर शिंगांना वाढवूनच पाहते.

शेवटी एक शब्द असा, जो लागला की बाकीचे सारे आकडे बाद होतात: ‘हाय फेन्स’. उंच कुंपणात निवडक प्रजनन करून आणि भरपूर खुराक घालून रानातील विक्रमापेक्षाही मोठ्या शिंगांचे नर तयार केले जातात आणि पैसे घेऊन त्यांची शिकार करू दिली जाते. बून अँड क्रॉकेट आणि पोप अँड यंग या दोन्ही क्लबांच्या नोंदवहीत अशा नराला जागा नाही, कारण जनावराला निसटण्याची खरी संधी असली पाहिजे हा त्यांचा मूळ नियम आहे. म्हणून कोणी २५० इंचांच्या नराचे छायाचित्र दाखवले, तर जाणकार शिकारी टोके मोजण्याआधी विचारतो की कुंपण होते का.